देवनागरीच्या शेजारी बास्करव्हिल

गेली बावीस वर्षे मी पुण्यात पुस्तकांची आणि स्मरणिकांची अक्षरमांडणी करते. या काळात माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक कामांत मराठी मजकुराच्या मधोमध इंग्रजी उतारे, संदर्भ, संस्थांची नावे किंवा संपूर्ण इंग्रजी लेख होते. अशा कामात देवनागरी टंक, म्हणजे फॉन्ट, निवडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याच्या शेजारी कोणता रोमन टंक बसवायचा हे ठरवण्यात. संगणकावर आधीपासून असलेला टाइम्स न्यू रोमन बहुतेक जण विचार न करता वापरतात आणि मराठी पानावर तो दाटीवाटीचा, बारीक आणि काहीसा घाईत असल्यासारखा दिसतो. मी अनेक वर्षे गॅरामाँड वापरला, मधे काही काळ जॉर्जियाही वापरून पाहिला, आणि गेल्या सहा-सात वर्षांपासून जवळजवळ प्रत्येक द्वैभाषिक कामात बास्करव्हिलकडे वळते. हा टंक कसा आहे, कुठे शोभतो, कुठे दगा देतो आणि आज मिळणाऱ्या त्याच्या अनेक रूपांपैकी कोणते घ्यावे, याविषयीचे माझे मत येथे मांडत आहे.

प्रथम रूपाविषयी. रोमन अक्षराच्या मुख्य रेघा जिथे संपतात तिथल्या लहान आडव्या टोकांना सेरिफ म्हणतात, आणि सेरिफ असलेल्या टंकाचे कूळ ओळखायचे तर ही टोके कशी घडवली आहेत आणि रेघांत जाड-बारीक किती आहे हे पाहावे. सोळाव्या शतकातील फ्रेंच वळणाच्या गॅरामाँडमध्ये टोके मऊ असतात, जाड आणि बारीक रेघांतील फरक बेताचा असतो आणि एकंदर अक्षर तिरक्या धरलेल्या लेखणीने लिहिल्यासारखे दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथील बोदोनी आणि पॅरिसचे दिदो घराणे यांनी घडवलेल्या टंकांत उभ्या रेघा दणकट, आडव्या रेघा केसाइतक्या बारीक आणि टोके पट्टी लावून ओढल्यासारखी सपाट झाली. बास्करव्हिल काळाने आणि रूपाने या दोहोंच्या मधला. त्याच्या रेघांतील फरक गॅरामाँडपेक्षा स्पष्ट आहे, पण बोदोनीइतका नाट्यमय नाही; टोके धारदार आहेत, पण ती उभ्या रेघेला हलक्या वळणाने जोडलेली आहेत. यामुळे अभ्यासक त्याला संक्रमणकालीन टंक म्हणतात. हे नाव मला त्याच्यावर थोडे अन्यायकारक वाटते, कारण पानावर तो वाटेत अडकल्यासारखा मुळीच दिसत नाही. तो पुरता स्थिरावलेला दिसतो.

एकेक अक्षर निरखून पाहिले तर त्याचा स्वभाव अधिक कळतो. कॅपिटल ई चा खालचा हात वरच्या हातापेक्षा लांब आहे, त्यामुळे ते अक्षर पाटावर नीट बसल्यासारखे वाटते. कॅपिटल सी ला वर आणि खाली अशी दोन्ही टोके आहेत. कॅपिटल जे बैठकीच्या रेषेखाली उतरतो. स्मॉल जी चा खालचा फास पूर्ण मिटत नाही. त्याचे टोक सुटे राहते, आणि एखाद्या अनोळखी छापील पानावरचा टंक बास्करव्हिल आहे की नाही हे मी सर्वांत आधी याच फाशावरून ताडते. दुसरी खूण म्हणजे कॅपिटल क्यू, ज्याचे शेपूट उजवीकडे लांबवर सरकत जाते आणि शेजारच्या अक्षराच्या खाली जाऊन विसावते. एरवी शिस्तीत वावरणाऱ्या या टंकाने स्वतःला घेऊ दिलेली ही एकमेव मोठी मोकळीक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

ही घडण कुठून आली हे समजण्यासाठी त्याच्या कर्त्याचा धंदा पाहावा लागतो. जॉन बास्करव्हिल यांचा जन्म १७०६ चा. तरुणपणी ते बर्मिंगहॅममध्ये सुंदर हस्ताक्षर शिकवत आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरत. त्यांनी नमुन्यादाखल कोरलेली एक पाटी आजही बर्मिंगहॅममध्ये जपून ठेवलेली आहे. पैसा मात्र त्यांनी मिळवला तो जपानी लाखेच्या धर्तीवर चकचकीत रोगण दिलेली तबके आणि इतर वस्तू विकून. त्या पैशाच्या बळावर १७५० च्या सुमारास त्यांनी अक्षरे घडवायला घेतली, जॉन हँडी या कारागिराकडून पोलादी पंच, म्हणजे अक्षरांचे साचे उठवण्याचे ठसे, कोरून घेतले, आणि १७५७ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीत, प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांची आवृत्ती आपले पहिले पुस्तक म्हणून छापली. लेखणीचा, छिन्नीचा आणि रोगणाचा असा तिहेरी हात लागलेली अक्षरे मऊ राहणे शक्यच नव्हते. त्या वेळी इंग्लंडमध्ये विल्यम कॅसलन यांच्या टंकांचा बोलबाला होता. त्या टंकांत एक घरगुती, किंचित ओबडधोबड जिव्हाळा आहे. बास्करव्हिल यांनी तो बाजूला ठेवून टोकदार लेखणीच्या सुलेखनातील नेटकेपणा धातूत उतरवला.

अशा बारीक रेघा त्या काळच्या खडबडीत कागदावर टिकल्या नसत्या, आणि म्हणून या गृहस्थाने केवळ टंक घडवून न थांबता छपाईची सगळी साखळीच बदलली. त्यांनी छापखान्याची रचना सुधारली, नेहमीपेक्षा काळी आणि दाट शाई स्वतः बनवली, व्हर्जिलच्या काही भागासाठी जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीतला, तारांच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद वापरला, आणि छापलेली पाने तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून त्यांवर झिलई आणली. समासांत नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. रुंद समास, ओळींत भरपूर मोकळीक आणि अक्षरे, एवढेच. आजच्या मांडणीकाराला ही गोष्ट कामाची आहे, कारण हा टंक कागद, शाई आणि मोकळी जागा यांच्यासह एक संच म्हणून जन्मला होता आणि यांपैकी एक जरी गोष्ट काढून घेतली तरी तो लगेच रुसतो. माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे, हे पुढे येईल.

पुढची कथा थोडक्यात सांगते. केंब्रिज विद्यापीठाचे मुद्रक म्हणून त्यांनी १७६३ मध्ये छापलेले भव्य बायबल आज इंग्रजी मुद्रणातील उत्तम कामांत गणले जाते, पण व्यवहारात ते तोट्यात गेले. १७७५ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नीने पंच आणि साचे विकले ते फ्रान्समध्ये, नाटककार बोमार्शे यांना, आणि त्यांतून राइन नदीकाठच्या केल गावी फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर यांच्या समग्र लेखनाची प्रचंड आवृत्ती छापली गेली. ते पंच फ्रान्समध्येच हिंडत राहिले आणि १९५३ मध्ये पॅरिसच्या एका टंकशाळेने भेट दिल्यामुळे केंब्रिजला परतले. स्वतः बास्करव्हिल यांच्या देहालाही अशीच वणवण घडली: नास्तिक असल्यामुळे त्यांनी स्वतःच्या आवारात दफन करून घेतले होते, पुढे ती जागा कालव्याच्या धक्क्यासाठी खणली गेली, आणि शवपेटी बरीच वर्षे इकडून तिकडे फिरून अखेर बर्मिंगहॅमच्याच एका दफनभूमीत विसावली.

त्यांच्या हयातीत टंकावर झालेली टीका मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. या बारीक रेघा आणि चमकता कागद यांमुळे वाचकांचे डोळे जातील, असे लोक म्हणत. स्वतः मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६० मध्ये बास्करव्हिल यांना लिहिलेल्या पत्रात एक किस्सा आहे. असाच आक्षेप घेणाऱ्या एका गृहस्थाला फ्रँकलिन यांनी कॅसलन यांच्या टंकांचा नमुनापत्र, वरचे नाव फाडून टाकून, बास्करव्हिलचा म्हणून दाखवला आणि दोष कुठे आहेत ते दाखवा अशी विनंती केली. त्या गृहस्थाने एकेक अक्षराकडे बोट दाखवून दोष सांगितले आणि हे पाहतानाही डोळे दुखत आहेत, अशी पुस्तीही जोडली. ग्राहकाने नमुनापान परत पाठवताना फॉन्टचे नाव वाचून दिलेले शेरे मीही पुष्कळ ऐकले आहेत; म्हणून आता मी नमुनापानावर टंकाचे नाव लिहीतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते, म्हणजे देवनागरीच्या शेजाराकडे. रोमन सुलेखनात रुंद टोकाची लेखणी अशा कोनात धरतात की गोल ओ काढताना त्याचे बारीक भाग वर डावीकडे आणि खाली उजवीकडे येतात. अक्षराचा कणा डावीकडे झुकतो. गॅरामाँडच्या ओ मध्ये हा झुकाव स्पष्ट दिसतो. देवनागरीच्या बोरूचा काप याच्या उलट तिरका असतो, म्हणून आपल्या अक्षरांत वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरकी रेघ जाड होते, उदाहरणार्थ ‘प्र’मधली रकाराची रेघ, आणि गोलाव्यांची जाडीही रोमनच्या विरुद्ध बाजूला पडते. एकाच ओळीत जुन्या वळणाचा रोमन टंक आणि बोरूच्या वळणाची देवनागरी आली की दोन्ही लिप्या एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसतात. हे वाचकाला सांगता येत नाही, पण पान अस्वस्थ वाटते. मी स्वतः कित्येक वर्षे हा दोष जागेचा किंवा आकाराचा समजत होते आणि अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करत बसत होते.

बास्करव्हिलमध्ये हा कणा जवळजवळ उभा आहे. त्याच्या ओ चे बारीक भाग थेट वर आणि थेट खाली येतात, त्यामुळे तो कोणत्याही बाजूला झुकत नाही, आणि देवनागरीच्या उलट्या झुकावाशी त्याचा झगडा होत नाही. शिवाय देवनागरी ही मुळात कान्यांची, म्हणजे उभ्या दणकट रेघांची लिपी आहे. बास्करव्हिलच्याही उभ्या रेघा ठाम असल्यामुळे दोन्ही मजकुरांची लय एकच राहते. बोदोनीचा कणा तर पूर्ण उभा आहे, मग तो का नको, असा प्रश्न येथे येईल. त्याचे कारण शिरोरेषा. आपल्या ओळीवर एक भरीव आडवी रेघ सलग धावत असते, आणि तिच्या शेजारी बोदोनीच्या केसाएवढ्या आडव्या रेघा आल्या की त्या शाई संपल्यासारख्या दिसतात. बास्करव्हिलच्या आडव्या रेघा बारीक असल्या तरी त्यांत जीव आहे. माझ्या मते मराठी मुद्रणाच्या दृष्टीने या टंकाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि तो त्याच्या कर्त्याच्या स्वप्नातही नसणार.

देवनागरीच्या बाजूने जोडी निवडताना मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या परंपरेतील गोलाईदार, मध्यम जाडीचे वळण असलेले टंक मला सर्वांत चांगले जुळलेले दिसतात. मोफत मिळणाऱ्यांपैकी तिरो देवनागरी मराठी हा टंक, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, बास्करव्हिलच्या शेजारी शोभून दिसतो. एकसारख्या जाडीच्या, आधुनिक आणि टोकेविरहित देवनागरी टंकाशी मात्र ही जोडी लावू नये. तिथे बास्करव्हिल एकदम म्हातारा वाटतो. आकाराच्या बाबतीत कोणताही एक नियम नाही, कारण प्रत्येक देवनागरी टंक त्याच्या चौकटीत वेगवेगळ्या उंचीचा बसवलेला असतो. मी करते ते असे: शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची आणि रोमन स्मॉल अक्षरांची उंची यांची तुलना करते, आणि रोमन स्मॉल अक्षरे त्या उंचीपेक्षा थोडी कमी राहतील असा आकार ठरवते. जुन्या चालीच्या १४ पॉइंट देवनागरीबरोबर १०.५ ते ११ पॉइंट बास्करव्हिल सहसा बरोबर बसतो. दोन्ही लिप्यांना एकच आकडा देणे ही मात्र संगणकावरची सर्वांत सामान्य आणि सर्वांत कुरूप चूक आहे.

इटॅलिकविषयी दोन शब्द. बास्करव्हिलचे इटॅलिक रोमन रूपापेक्षा अरुंद, चपळ आणि सरळसरळ सुलेखन शिक्षकाच्या हातचे आहे. ग्रंथनामे आणि जहाजांची नावे त्यात फार देखणी दिसतात. मात्र इंग्रजी ग्रंथनाम तिरके झाले म्हणून शेजारचे मराठी ग्रंथनामही संगणकाकडून तिरके करून घेण्याचा मोह टाळावा. देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही, आणि यंत्राने ढकललेली देवनागरी पडत्या कुंपणासारखी दिसते. मराठी नावांसाठी एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी आहेत.

आता दोषांकडे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मी बास्करव्हिलचे एक नाजूक डिजिटल रूप निवडले. संगणकाच्या पडद्यावर आणि घरच्या लेझर प्रिंटवर पाने अप्रतिम दिसत होती. छपाईच्या वेळी मात्र खर्च वाचवण्यासाठी ठरलेल्या कागदाऐवजी शाई शोषून घेणारा हलका कागद वापरला गेला आणि शाईही फिकी पडली. परिणामी ८ पॉइंटातल्या तळटीपांत स्मॉल ई मधली आडवी रेघ ठिकठिकाणी उडाली आणि ई चा सी झाला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या इंग्रजी लेखातील संदर्भ वाचताना लोकांनी चष्मे पुसले. दोष कागदाचा होता असे म्हणून मी सुटू शकले असते, पण खरे पाहता तो निवडीचाही होता. खिळ्यांच्या छपाईत दाबाखाली शाई किंचित पसरत असे आणि बारीक रेघेला आपोआप अंग येत असे. धातूच्या टंकाची बारीक रेघ जशीच्या तशी डिजिटल रूपात उतरवली आणि ऑफसेटवर छापली की ते अंग मिळत नाही. म्हणून बास्करव्हिल निवडणे पुरेसे नाही, त्याचे योग्य रूप निवडणे हीच खरी परीक्षा आहे.

बाजारातील रूपांत माझी पहिली शिफारस लिब्र बास्करव्हिलची आहे. पाब्लो इंपालारी यांनी तो अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या १९४१ च्या बास्करव्हिलवरून पडद्यावरच्या वाचनासाठी घडवला. त्यात स्मॉल अक्षरांची उंची वाढवलेली आहे, अक्षरांच्या पोटातील जागा रुंद केलेली आहे आणि जाड-बारीक फरक थोडा कमी केलेला आहे. संकेतस्थळासाठी केलेले हे तीनही बदल आपल्याकडच्या सर्वसाधारण कागदावरही उपयोगी पडतात, आणि वाढलेल्या उंचीमुळे देवनागरीशी मेळ सोपा होतो. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत आहे, म्हणजे व्यावसायिक पुस्तकातही विनाशुल्क वापरता येतो. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते: तो रुंद आहे. २०० पानांच्या इंग्रजी पुस्तकात गॅरामाँडऐवजी तो घेतला तर सहज एक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा एक संच, वाढू शकतो, आणि प्रकाशक ती गोष्ट लगेच ओळखतात. मोठ्या आकाराच्या शीर्षकातही तो थोडा जाडजूड वाटतो. मूळ टंकाची धार तिथे बोथट झालेली जाणवते.

शीर्षकासाठी धार हवी असेल तर दुसरीकडे पाहावे लागते. अॅपलच्या संगणकांवर आधीच असलेला बास्करव्हिल मोनोटाइप कंपनीच्या रूपावर आधारलेला आहे. त्या कंपनीने १९२३ मध्ये, स्टॅन्ली मॉरिसन यांच्या सल्लागारीच्या काळात, हा टंक पुन्हा प्रचारात आणला. १८ पॉइंटांच्या वर आणि चांगल्या कागदावर तो फार रुबाबदार दिसतो; तळटीपेत त्याला बसवू नये. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणारा बास्करव्हिल ओल्ड फेस हा मात्र नावाचा भाऊ आहे. तो बास्करव्हिल यांच्या पंचांवरून आलेला नसून, त्यांचे अनुकरण करून फ्राय यांच्या टंकशाळेसाठी आयझॅक मूर यांनी घडवलेल्या अक्षरांच्या वंशातला आहे. मोठ्या आकारात तो आकर्षक आहे, पण संपूर्ण लेख त्यात लावलेला मी पाहिला आहे आणि तो अनुभव वाचकाला देऊ नये. फ्रान्समधील नॅन्सी येथील टंकसंशोधन केंद्राने केलेला, नावात एक व्ही जास्त असलेला बास्करव्हव्हिल हाही मोफत आहे आणि १७८४ मधील क्लोद जाकोब यांच्या अनुकरणावरून घडलेला असल्यामुळे त्यात फ्रेंच नखरा जास्त आहे. निमंत्रणपत्रिकेसाठी मला तो आवडतो.

मिसेस ईव्हज हे रूप वेगळ्या प्रतीचे आहे. झुझाना लिच्को यांनी १९९६ मध्ये घडवलेल्या या टंकाला सारा ईव्हज यांचे नाव दिले आहे. त्या बास्करव्हिल यांच्या घरी गृहव्यवस्थापक म्हणून आल्या, पती सोडून गेला होता, आणि त्या पतीच्या मृत्यूनंतर १७६४ मध्ये बास्करव्हिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. छापखान्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. लिच्को यांनी जाड-बारीक फरक मुद्दाम उतरवून मूळ छपाईतील शाई पसरल्याचा ऊबदारपणा टंकातच आणला, ही कल्पना मला फार हुशारीची वाटते, आणि त्यातील जोडाक्षरे तर जोडाक्षरांवर वाढलेल्या मराठी माणसाला खास जवळची वाटावीत. परंतु त्याच्या स्मॉल अक्षरांची उंची अगदी कमी आहे. देवनागरीशेजारी तो इतका मोठा करावा लागतो की त्याची कॅपिटल अक्षरे शिरोरेषेच्या वर डोके काढून बघायला लागतात. कवितासंग्रहाच्या केवळ इंग्रजी आवृत्तीसाठी तो घ्यावा. द्वैभाषिक पानासाठी घेऊ नये. शिवाय तो विकत घ्यावा लागतो.

उपयोगाच्या दृष्टीने पाहता बास्करव्हिलची खरी जागा सलग वाचनाच्या पुस्तकात आहे: चरित्र, निबंध, इतिहास, गौरवग्रंथ. किंडलच्या वाचनयंत्रावर तो निवडण्याची सोय आहे, आणि रात्री लांबवर वाचताना मी तोच ठेवते. संस्थात्मक ओळखीसाठीही तो चालतो; कॅनडा सरकारच्या कागदपत्रांवर आणि इमारतींवर दिसणारे, शेवटच्या अक्षरावर छोटा झेंडा असलेले देशाचे नाव बास्करव्हिलच्याच रूपात आहे, आणि सरकारी असूनही ते करडे वाटत नाही. प्रमाणपत्रे, मानपत्रे, लग्नपत्रिका यांतही तो सोनेरी वर्खाशिवाय प्रतिष्ठा आणतो. दुकानाच्या पाट्या, मोबाइलवरील सूचना, औषधांची माहितीपत्रके आणि वर्तमानपत्री कागद यांपासून त्याला दूर ठेवावे.

या टंकामुळे मजकूर अधिक विश्वासार्ह वाटतो, असा एक दावा वारंवार ऐकू येतो. त्याचा उगम माहितीपटकार एरल मॉरिस यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर केलेल्या चाचणीत आहे. वाचकांना एक विधान देऊन ते पटते का असे विचारले होते, आणि प्रत्येकाला तो उतारा सहांपैकी एका टंकात दिसत होता. सुमारे ४५ हजार उत्तरांत बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांची सहमती थोडीशी अधिक निघाली, आणि कॉमिक सॅन्स पिछाडीवर राहिला. हा फरक फार लहान होता, आणि चाचणी इंग्रजी वाचकांची होती. एका ग्राहकाने याच आधारावर कंपनीचा वार्षिक अहवाल बास्करव्हिलमध्ये लावून मागितला होता. मी तो लावून दिला, पण आकडे बरे दिसण्याची हमी दिली नाही.

आकड्यांवरून आठवले: मूळ बास्करव्हिलचे अंक जुन्या पद्धतीचे, म्हणजे काही वर जाणारे आणि काही खाली उतरणारे आहेत, आणि मजकुरात ते स्मॉल अक्षरांसारखे मिसळून जातात. आजच्या अनेक डिजिटल रूपांत मात्र सगळे अंक कॅपिटलच्या उंचीचे येतात आणि परिच्छेदात सनावळ्या ओरडतात. ज्या कामात इंग्रजी तारखा खूप आहेत तिथे एक तर जुन्या पद्धतीचे अंक असलेले रूप घ्यावे, किंवा अंकांचा आकार अर्धा पॉइंट उतरवावा. संक्षेपांसाठी खरी स्मॉल कॅपिटल, म्हणजे कमी उंचीची म्हणूनच घडवलेली कॅपिटल अक्षरे, नसतील तर संगणकाकडून लहान करून घेतलेली खोटी कॅपिटल वापरू नयेत. जाड-बारीक फरक असलेल्या टंकात ती शेजारच्या अक्षरांपेक्षा अशक्त दिसतात. आणि मराठी किंवा संस्कृत शब्दांचे रोमन लिप्यंतर ज्यात आहे असे पुस्तक हाती घेण्यापूर्वी, निवडलेल्या रूपात दीर्घ स्वरांवरच्या रेघा, ट-ठ-ड-ढ-ण आणि ळ साठी लागणारी खालच्या टिंबांची अक्षरे आणि रुपयाचे चिन्ह आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासावे. शंभर पाने लावून झाल्यावर एकच टिंब दुसऱ्या टंकातून उसने आलेले दिसले की जी चिडचिड होते ती शब्दांत सांगण्यासारखी नाही.

सध्या माझ्या टेबलावर एका संगीतसभेची द्वैभाषिक कार्यक्रमपत्रिका आहे. तिरो मराठी आणि लिब्र बास्करव्हिल अशी जोडी असून शीर्षकासाठी मोनोटाइपचे रूप वापरले आहे. गायकांपैकी एकाचे आडनाव कुरेशी आहे, त्यामुळे मराठी नावांत सहसा न येणारा कॅपिटल क्यू या वेळी मोठ्या आकारात वापरायला मिळाला, आणि त्याचे शेपूट शेजारच्या यू खालून पुढे सरकून खालच्या ओळीतल्या वेलांटीला जवळजवळ टेकले. आयोजकांनी पानावर पेन्सिलीने गोल करून ‘ही रेघ चुकून आली आहे का?’ असे लिहून पाठवले. मी शेपूट तसेच ठेवले आणि दोन ओळींमधले अंतर दीड पॉइंटाने वाढवले.